वेबसाईट 'सुरू होते' म्हणजे नक्की काय होतं? जावा ॲप्लिकेशनच्या पहिल्या मिनिटाची गोष्ट

४ ऑक्टोबर २०२१, सोमवारची रात्र. नऊ वाजून काही मिनिटं झाली होती आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या मेसेजला एक टिकसुद्धा येईना. लोकांनी आधी वायफाय बंद-चालू केलं, मग फोन रीस्टार्ट केला, काहींनी तर रिचार्ज संपला का तेही तपासलं. शेवटी ट्विटर उघडल्यावर कळलं की व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम तिन्ही जगभर बंद आहेत. हे सगळं साधारण सहा तास चाललं.

त्यामागचं कारण कंपनीने नंतर स्वतःच सांगितलं. डेटा सेंटर्स एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्कच्या देखभालीसाठी दिलेल्या एका कमांडने ती जोडणीच तोडून टाकली. बातम्यांमध्ये तेवढंच आलं. पण त्याच खुलाशात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. नेटवर्क परत आल्यावरही इंजिनिअर्सनी सगळ्या सेवा एकदम चालू केल्या नाहीत. बंद काळात एकेका डेटा सेंटरचा वीजवापर दहा-दहा मेगावॉटच्या हिशोबाने खाली आला होता. तो एका झटक्यात परत वर नेला असता तर वीज यंत्रणेपासून सर्व्हरच्या कॅशेपर्यंत सगळ्यालाच धोका होता.

म्हणजे बिघाड सापडला, दुरुस्तही झाला. तरी 'आता करा चालू' म्हणायची सोय नव्हती.

आपल्याला वाटतं वेबसाईट म्हणजे ट्यूबलाईट. बटण दाबलं की पेटली. प्रत्यक्षात वेबसाईट म्हणजे वडापावची गाडी. सहा वाजता गाडी लागते तेव्हा कढई तापलेली असावी लागते, बटाटे उकडून भाजी तयार असावी लागते, पाव आलेले, चटणी वाटलेली आणि गल्ल्यात सुट्टे पैसे हवेत. हे सगळं पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी. गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावर बटाटे उकडायला ठेवणाऱ्या गाडीवर दुसऱ्या दिवशी कोण जाईल?

सर्व्हरवरही ही तयारी करणारा कोड असतो. प्रोग्रामर त्याला इनिशियलायझेशन कोड किंवा सरळ स्टार्टअप कोड म्हणतात. हा कोड कुठे लिहायचा, त्यात काय घालायचं आणि काय अजिबात घालायचं नाही, हे ठरवण्यात चांगल्या चांगल्या कंपन्यांची दांडी उडालेली आहे. जावाच्या जगात या प्रश्नाला पंचवीसेक वर्षांचा इतिहास आहे, त्यामुळे गोष्ट तिथूनच समजून घेऊ.

आधी 'सुरू होणं' ही भानगडच नव्हती

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वेबसाईटवर काही हिशोब करून पान दाखवायचं असेल तर सीजीआय नावाची पद्धत वापरली जायची. तुम्ही लिंकवर क्लिक केलं की सर्व्हर एक नवा प्रोग्राम चालू करायचा. तो आपलं काम करायचा, पान द्यायचा आणि मरून जायचा. पुढच्या क्लिकला पुन्हा नवा प्रोग्राम. शंभर माणसं आली तर शंभर वेळा जन्म आणि शंभर वेळा मरण.

यात एक सोय होती, स्टार्टअप कोड कुठे ठेवायचा हा प्रश्नच नव्हता. प्रत्येक वेळी सगळंच सुरुवातीपासून व्हायचं. तोटा उघड आहे. प्रत्येक गिऱ्हाईकासाठी नवी गाडी, नवी कढई आणि नवं तेल.

१९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा जगासमोर आणली आणि पाठोपाठ सर्व्हलेट ही कल्पना आली. सर्व्हलेटचं पहिलं स्पेसिफिकेशन सनमध्ये काम करणाऱ्या पावनी दिवाणजी यांनी तयार केलं आणि त्याची १.० आवृत्ती जून १९९७ मध्ये पक्की झाली. कल्पना सोपी होती. प्रोग्राम एकदाच चालू करायचा, तो मेमरीत बसून राहील आणि येणाऱ्या प्रत्येक विनंतीला त्याच प्रोग्राममधला एक धागा, म्हणजे थ्रेड, उत्तर देईल.

वेग वाढला, पण एक नवा क्षणही तयार झाला. प्रोग्राम चालू झाल्यापासून पहिली विनंती येईपर्यंतचा. या क्षणात काय करायचं, हाच आजचा विषय.

मांजर मधे येतं

सर्व्हलेट स्वतः चालत नाही, त्याला चालवणारा कुणीतरी लागतो. त्याला कंटेनर म्हणतात आणि त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे टॉमकॅट. हिंजवडीत बसमधून उतरणाऱ्या दहा जावा डेव्हलपर्सना विचारलंत तर दहाही जण टॉमकॅटला कधी ना कधी शिव्या दिल्याचं सांगतील.

हा टॉमकॅट मुळात सनमधल्या जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिला आणि १९९९ मध्ये सनने तो अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनला देऊन टाकला. नावाची गोष्ट भारी आहे. ओरायली या प्रकाशनाच्या कॉम्प्युटर पुस्तकांवर प्राण्यांची चित्रं असतात. डेव्हिडसन यांना वाटलं, कधीतरी या सॉफ्टवेअरवरही पुस्तक येईल, तेव्हा नावातच प्राणी असू दे. स्वतःचं स्वतः बघू शकतो म्हणून त्यांनी बोका निवडला. पुस्तक आलं २००३ मध्ये. मुखपृष्ठावर होता हिमबिबट्या, कारण बोका आधीच दुसऱ्या पुस्तकावर बसला होता.

तर टॉमकॅट सुरू होतो तेव्हा काय होतं? जावाचं वेब ॲप्लिकेशन 'वॉर' नावाच्या एका फाईलमध्ये बांधलेलं असतं. नाव युद्धाचं असलं तरी अर्थ वेब आर्काईव्ह एवढाच. टॉमकॅट ती फाईल सोडवतो, आतली सेटिंग्जची फाईल वाचतो आणि या ॲप्लिकेशनसाठी एक सामायिक जागा तयार करतो. तिला सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट म्हणतात. सोसायटीच्या नोटीस बोर्डासारखी ही जागा असते. ॲप्लिकेशनमधला कुणीही तिथे काही लावू शकतो, कुणीही वाचू शकतो.

त्यानंतर टॉमकॅट ॲप्लिकेशनला हाक मारतो, 'मी तयार आहे, तुला काही करायचंय का?' ही हाक ऐकणाऱ्याला लिसनर म्हणतात. त्याचं काम झालं की येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणारे फिल्टर तयार होतात, मग ज्यांना लवकर उठायला सांगितलंय ते सर्व्हलेट उठतात आणि सगळ्यात शेवटी बाहेरच्या विनंत्या आत घ्यायला सुरुवात होते. हा क्रम ठरलेला आहे आणि पुढची सगळी गंमत याच क्रमावर अवलंबून आहे.

पहिल्या गिऱ्हाईकाचं काय चुकलं?

समजा तुम्ही बँकेच्या वेबसाईटवर नवीन खातं जोडताय. ११ अक्षरांचा आयएफएससी टाकला की लगेच खाली बँकेचं आणि शाखेचं नाव येतं. त्यासाठी देशभरातल्या शाखांची यादी सर्व्हरच्या मेमरीत तयार ठेवलेली असते. अशा हाताशी ठेवलेल्या माहितीला कॅशे म्हणतात. खिशातल्या पैशांच्या कॅशशी त्याचा संबंध नाही, पण दोन्ही ऐनवेळी नसले की पंचाईत होते.

ही यादी डेटाबेसमधून मेमरीत कधी आणायची?

नवशिक्या प्रोग्रामरला पहिली जागा सुचते ती सर्व्हलेटच्या 'इनिट' नावाच्या मेथडची. कंटेनर ती एकदाच चालवतो, म्हणजे जागा योग्यच वाटते. पण मेख अशी आहे की वेगळं सांगितलं नाही तर बहुतेक कंटेनर सर्व्हलेट तयारच करत नाहीत, त्यासाठी कुणीतरी पहिली विनंती करेपर्यंत थांबतात. मग रात्री सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि सकाळी पहिला माणूस आला की त्याच्या डोळ्यांसमोर चक्र फिरत राहतं, कारण त्याच्यासाठी बटाटे आत्ता उकडायला ठेवलेत. त्याच वेळी आलेले बाकीचेही रांगेत थांबतात.

एकाच माणसाला उशीर झाला तर कुणी तक्रार करत नाही. पण दहावीच्या निकालाचा दिवस असेल, दुपारी एकला लिंक उघडणार असेल आणि पावणेएकला कुणी 'जरा रीस्टार्ट करून घेऊ' म्हटलं असेल, तर एक वाजताचा पहिला माणूस एकटा नसतो. अख्खा महाराष्ट्र त्याच्या मागे उभा असतो.

यावर उपाय आहे 'लोड-ऑन-स्टार्टअप' नावाचं सेटिंग. त्यात शून्य किंवा त्याहून मोठा आकडा लिहिला की तो सर्व्हलेट ॲप्लिकेशन सुरू होतानाच तयार होतो आणि लहान आकडेवाला आधी उठतो. वर्षानुवर्षं लोकांनी याच युक्तीवर काम चालवलं. कधीच कुणाला पान न दाखवणारा, फक्त लवकर उठून तयारी करण्यापुरता असलेला रिकामा सर्व्हलेट जुन्या प्रोजेक्टमध्ये आजही सापडतो.

दुसरी एक जागा लोकांना फार आवडते, क्लासमधला स्टॅटिक ब्लॉक. जावा एखादा क्लास पहिल्यांदा वापरायला घेते तेव्हा हा ब्लॉक आपोआप चालतो. लिहायला सोपा, पण निस्तरायला महाकठीण. एक तर तो नक्की कधी चालेल हे कोडच्या दुसऱ्या कुठल्या तरी कोपऱ्यावर अवलंबून असतं. त्यात आत काही बिघडलं, समजा डेटाबेसचा पासवर्ड चुकला, तर जावाच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये खरी चूक फक्त पहिल्या वेळी लॉगमध्ये दिसायची. त्यानंतर तो क्लास वापरायला जाल तेव्हा जावा सांगते की या क्लासची व्याख्याच मिळत नाही. मग माणूस रात्रभर हरवलेली फाईल शोधत बसतो. फाईल जागेवरच असते, चुकलेला असतो पासवर्ड.

२००१ मध्ये मिळालेली हक्काची जागा

ऑगस्ट २००१ मध्ये सर्व्हलेटची २.३ आवृत्ती आली आणि तिने वर सांगितलेली हाक अधिकृत केली. तिचं नाव सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट लिसनर. त्यात दोनच मेथड असतात. एक ॲप्लिकेशन सुरू होताना चालते, दुसरी बंद होताना. सुरुवातीची मेथड सगळ्या फिल्टर आणि सर्व्हलेटच्या आधी चालणार आणि शेवटची त्या सगळ्यांच्या नंतर, हे स्पेसिफिकेशनमध्येच लिहून दिलेलं आहे. डिसेंबर २००९ मध्ये ३.० आवृत्ती आल्यावर सेटिंगच्या फाईलमध्ये नोंद करायचीही गरज उरली नाही. क्लासवर '@वेबलिसनर' एवढी चिठ्ठी चिकटवली की झालं.

सेटिंग्ज वाचणं, डेटाबेसशी दहा-वीस जोडण्या आधीच करून ठेवणं, आयएफएससीची यादी मेमरीत भरणं, ठरलेल्या वेळी काम करणारा शेड्युलर लावणं, ही कामं इथे करायची. नुसत्या सर्व्हलेटवर चालणाऱ्या ॲप्लिकेशनसाठी याहून चांगली जागा अजूनही नाही.

पण इथे काही फसलं तर? लिसनरमधून एरर बाहेर आली की टॉमकॅट ते ॲप्लिकेशन सुरू करणं सोडून देतो. स्वतः मात्र चालूच राहतो, कारण त्याच्यावर दुसरीही ॲप्लिकेशन्स असू शकतात. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला विचित्र चित्र दिसतं. सर्व्हर जिवंत, पण पान उघडलं की '४०४, सापडलं नाही'. नवा मुलगा लिंकचं स्पेलिंग तपासत बसतो आणि जुना माणूस थेट लॉगमध्ये 'लिसनर' हा शब्द शोधतो.

शेवटच्या मेथडकडे तर बहुतेकांचं लक्षच नसतं. सुरुवातीला लावलेला शेड्युलर बंद होताना थांबवला नाही, तर टॉमकॅट चालू ठेवून फक्त ॲप्लिकेशनची नवी आवृत्ती चढवल्यावर जुन्याचा थ्रेड तसाच फिरत राहतो. त्या एका थ्रेडपायी जुनं अख्खं ॲप्लिकेशन मेमरीतून हलत नाही. लग्न होऊन गेलं, पण एक पाहुणा निघेना म्हणून कार्यालय रिकामं करता येईना, असा प्रकार. चार-पाच वेळा आवृत्ती बदलली की मेमरी संपून सगळंच कोसळतं. २०१४ मध्ये जावा ८ येईपर्यंत 'पर्मजेन स्पेस' संपल्याची ही एरर जवळपास प्रत्येक जावा ऑफिसमध्ये घरच्यासारखी झाली होती. पुढे त्या जागेचं नाव आणि व्यवस्था बदलली, पण न जाणारे पाहुणे आजही येतातच. टॉमकॅट आता निदान लॉगमध्ये तसा इशारा देतो.

यादी एकदा भरली, मग?

१ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि १ जुलै २०२१ पासून सिंडिकेटचे जुने आयएफएससी बंद झाले. आता एखाद्या ॲप्लिकेशनने शाखांची यादी सुरू होतानाच भरून घेतली असेल आणि पुन्हा कधी बघितलीच नसेल, तर डेटाबेसमध्ये नवी यादी आली तरी मेमरीत जुनीच राहणार. सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत तो बंद झालेला कोड आनंदाने स्वीकारत बसेल. स्टार्टअपला भरलेल्या प्रत्येक गोष्टीला 'ही शिळी कधी होते?' हा प्रश्न विचारावा लागतो. वडापाववाल्याला हे शिकवावं लागत नाही, प्रोग्रामरला लागतं.

त्याहून मोठा घोळ होतो सर्व्हर एकापेक्षा जास्त असले की. मोठं ॲप्लिकेशन एका मशीनवर कधीच नसतं. एकाच कोडच्या चार, चाळीस किंवा चारशे प्रती चालू असतात आणि स्टार्टअप कोड प्रत्येक प्रतीत चालतो. 'रात्री बाराला ग्राहकांना एसएमएस पाठवा' असा शेड्युलर लिसनरमध्ये लावला आणि सर्व्हर चार असतील, तर ग्राहकाला एकच एसएमएस चार वेळा जातो. एसएमएसच्या जागी खात्यातून हप्ता वळता करण्याचं काम असेल तर हसण्यावारी नेता येत नाही.

म्हणून असं काम करण्याआधी डेटाबेसमध्ये कुलूप लावतात. ज्याला आधी कुलूप मिळालं त्याने काम करायचं, बाकीच्यांनी बघत बसायचं. डेटाबेसची रचना सुरुवातीलाच बदलून घेणारी लिक्विबेस आणि फ्लायवे ही जावातली लोकप्रिय साधनंही असंच काहीतरी करतात. पण काम अर्धवट असताना कुलूप लावणाराच मेला तर? लिक्विबेसच्या बाबतीत कुलूप तसंच लागलेलं राहतं. नंतर सुरू होणारी प्रत्येक प्रत 'कुलूप उघडायची वाट बघतोय' असं लॉगमध्ये लिहीत उभी राहते. शेवटी कुणीतरी रात्री उठून हाताने ते काढतं.

आणि मध्येच मारतं कोण? बऱ्याचदा आपलीच यंत्रणा. आजकाल ॲप्लिकेशनच्या प्रती कुबरनेटीसवर चालतात. ते दर काही सेकंदांनी विचारत राहतं, 'जिवंत आहेस का?' उत्तर आलं नाही तर ती प्रत मारून पुन्हा सुरू करतं. आता ज्या प्रतीला तयारीलाच दोन मिनिटं लागतात तिला तिसाव्या सेकंदाला हा प्रश्न आला तर ती मरते. पुन्हा सुरू होते, पुन्हा तिसाव्या सेकंदाला मरते. सुरू होण्यासाठी वेगळी सवलत देणारी 'स्टार्टअप प्रोब' ही सोय कुबरनेटीसमध्ये पक्की व्हायला डिसेंबर २०२० उजाडला.

त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये

स्टार्टअप कोड किती महाग पडू शकतो याचा सगळ्यात बोलका नमुना २५ नोव्हेंबर २०२० ला दिसला. कोड कुठल्या भाषेतला होता हा इथे मुद्दाच नाही, कारण घोटाळा तयारीचा होता. अमेरिकेत दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड कंपनीत कायनेसिस नावाची सेवा आहे. सतत वाहत येणारा डेटा गोळा करणं हे तिचं काम, आणि एडब्ल्यूएसच्याच इतर बऱ्याच सेवा तिच्यावर टेकलेल्या आहेत.

कायनेसिसच्या पुढच्या फळीत हजारो सर्व्हर आहेत. कोणता डेटा मागे कुठे पाठवायचा याचा नकाशा प्रत्येकाकडे असतो आणि सुरू झाल्यावर तो नकाशा भरावा लागतो. त्यासाठी प्रत्येक सर्व्हर फळीतल्या बाकीच्या प्रत्येक सर्व्हरशी बोलतो आणि अशा प्रत्येक संवादासाठी एक थ्रेड उघडतो. त्या दिवशी उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात थोडे नवे सर्व्हर जोडले गेले. रोजचंच काम. पण नवे सर्व्हर आले म्हणजे फळीतल्या प्रत्येक जुन्या सर्व्हरला तेवढे थ्रेड वाढवावे लागले. ऑपरेटिंग सिस्टीमने घालून दिलेली थ्रेडची मर्यादा ओलांडली गेली आणि सगळ्यांचेच नकाशे अर्धवट राहिले. सर्व्हर चालू होते, पण डेटा कुठे पाठवायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

भारतात संध्याकाळचे पावणेसात झाले होते तेव्हा तिथे पहिले अलार्म वाजले. नवे सर्व्हर काढून सगळे रीस्टार्ट करायचे, इतका सरळ उपाय. अडचण अशी की नकाशा भरायला आणि ग्राहकांच्या विनंत्यांना उत्तर द्यायला सर्व्हरची तीच ताकद लागते. हजारो सर्व्हर एकदम उठवले असते तर सगळे नकाशे भरण्यात गुंतले असते, विनंत्या तुंबल्या असत्या, मग हळू चाललेल्या सर्व्हरला देखरेख यंत्रणेने आजारी समजून बाहेर काढलं असतं आणि सगळं पहिल्या पानावर आलं असतं. म्हणून तासाला काही शे सर्व्हर, या गतीने त्यांनी फळी उभी केली. पूर्ववत व्हायला भारतातल्या दुसऱ्या दिवसाची दुपार झाली.

कहर म्हणजे 'आमची सेवा बंद आहे' हे ग्राहकांना सांगणारा फलक अपडेट करायचं साधनही त्याच सेवेवर टेकलेलं होतं, त्यामुळे सुरुवातीला तिथे नीट माहितीच देता आली नाही. पर्यायी साधन होतं, पण ते हाताने चालवायचं होतं आणि सगळ्यांना त्याची सवय नव्हती.

नंतर एडब्ल्यूएसने कमी संख्येचे पण मोठे सर्व्हर वापरायचं आणि नकाशा सांभाळायला वेगळी फळी ठेवायचं जाहीर केलं. स्टार्टअप कोडच्या भाषेत सांगायचं तर तयारी आणि धंदा यांच्यासाठी दोन वेगळ्या कढया.

मरायचं की लंगडत चालायचं?

प्रोग्रामरमध्ये यावर हमखास वाद होतो. सुरू होताना एखादी गोष्ट मिळाली नाही तर ॲप्लिकेशनने तिथेच थांबावं की जमेल तसं पुढे जावं?

पासवर्ड किंवा डेटाबेसचा पत्ताच मिळाला नसेल तर थांबलेलं बरं. अर्धवट तयारीने सुरू झालेलं ॲप्लिकेशन लोकांचे पैसे अडकवतं, आणि न सुरू झालेलं निदान इंजिनिअरची झोप मोडून स्वतःकडे लक्ष तरी वेधून घेतं. पण 'तुम्हाला हेही आवडेल' दाखवणारी सेवा बंद आहे म्हणून अख्खं दुकान न उघडणं हा आडमुठेपणा झाला. त्यातही 'अ' सेवा सुरू व्हायला 'ब'ची वाट बघते आणि 'ब' सेवा 'अ'ची, अशी गाठ कुठे पडली असेल तर ती रोजच्या कामात कधीच दिसत नाही, कारण दोघींपैकी एक नेहमी चालू असते. सगळं एकदम बंद पडतं त्या दिवशीच ती सापडते.

आता टॉमकॅटच ॲपच्या पोटात

२००४ मध्ये स्प्रिंग फ्रेमवर्कची १.० आवृत्ती आली. तेही त्याच जुन्या लिसनरच्या हाकेवर जागं व्हायचं. २०१४ च्या स्प्रिंग बूटने मात्र खेळ उलटा केला. ॲप्लिकेशन टॉमकॅटमध्ये ठेवण्याऐवजी टॉमकॅटच ॲप्लिकेशनच्या पोटात ठेवला. स्टार्टअप कोडसाठी त्याने 'कमांडलाईन रनर' आणि 'ॲप्लिकेशन रनर' अशा दोन सोप्या जागा दिल्या, आणि आजच्या बहुतेक यूट्यूब ट्युटोरियलमध्ये त्याच शिकवतात.

त्यात एक बारीक खाच आहे. हे रनर चालतात तेव्हा पोटातला टॉमकॅट आधीच विनंत्या घ्यायला लागलेला असतो. म्हणजे शटर उघडल्यावर कढई तापवायला घेणं. 'मी अजून तयार नाही' हे बाहेरच्या यंत्रणेला कळवायची सोय स्प्रिंग बूटमध्ये आहे, पण ती बाहेरून कुणी विचारत असेल तरच उपयोगाची. कॅशे भरल्याशिवाय एकही माणूस आत यायला नको असेल तर ते काम रनरमध्ये न ठेवता त्याच्या आधीच्या टप्प्यात, म्हणजे संबंधित ऑब्जेक्ट तयार होतानाच उरकावं लागतं.

सर्व्हरलेस प्रकारात तर चक्र फिरून जवळपास सीजीआयच्या काळात आलंय. तिथे मागणी आली की प्रोग्राम उठतो, काही वेळ काम नसलं की झोपवला जातो. जड तयारी करणाऱ्या जावाला हे झेपत नाही, उठायलाच काही सेकंद जातात. म्हणून एडब्ल्यूएसने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्नॅपस्टार्ट आणलं. ॲप्लिकेशनचा स्टार्टअप कोड एकदाच चालवायचा, तयार झालेल्या मेमरीचा फोटो काढून ठेवायचा आणि पुढे प्रत्येक प्रत त्या फोटोवरून उठवायची.

फोटोत मात्र सगळंच येतं. डेटाबेसशी केलेली जोडणी फोटोत असते, पण प्रत उठेपर्यंत पलीकडच्याने ती कधीच तोडलेली असू शकते. स्टार्टअपला एखादा खास क्रमांक किंवा गुप्त आकडा 'रँडम' म्हणून तयार करून ठेवला असेल, तर त्या फोटोवरून उठलेल्या प्रत्येक प्रतीकडे तोच आकडा असतो. एडब्ल्यूएसच्या माहितीपत्रकातही याची वेगळी सूचना दिली आहे, की असे आकडे स्टार्टअप कोडमध्ये बनवू नका, विनंती आल्यावर बनवा.